पेण-रोह्याचे शनवार तेली : परक्या गावात मांडलेला संसार

हातातलं काम हातातच राहू द्या. तांदूळ निवडत असाल, पापड लाटत असाल तर लाटत राहा. कान तेवढे माझ्याकडे द्या.

आपल्यातल्या जवळपास प्रत्येकीने एकदा तरी गाव बदललेलं आहे. लग्न झालं, पेटी उचलली आणि दुसऱ्याच्या दारात उभ्या राहिलो. पहिले काही दिवस आठवून बघा. पाणी कुठून आणायचं, सासरी मीठ किती चालतं, सोमवारी मासे शिजतात की नाही, कोणाला नावाने हाक मारायची आणि कोणाला नाही. परकं गाव आपलं होतं ते असंच, एकेका लहान गोष्टीने.

आता कल्पना करा, की अख्खा समाजच असा परक्या मुलखात आला. तोही एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा समुद्रातून आपल्या किनाऱ्यावर आला, आणि कित्येक शतकांनी आपला किनारा सोडून दूरच्या वाळवंटात गेला. हे लोक म्हणजे आपले शनवार तेली. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणतात, म्हणजे इस्राएलची लेकरं. धर्माने यहुदी, बोलीने मराठी. पेण, रोहा, अलिबाग, मुरूड, पनवेल या पट्ट्यातल्या गावागावांत त्यांची घरं होती. आज बहुतेक घरं रिकामी आहेत. पण आडनावं शिल्लक आहेत, प्रार्थनागृहं आहेत, आणि काही म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीही आहेत. त्या आठवणी जाण्याआधी ही गोष्ट सांगावी, म्हणून आजचं बोलणं.

सात जोडपी आणि एक घाणा

त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी. फार जुन्या काळी एक गलबत चौलच्या बंदराकडे येत होतं. नवगावजवळ ते फुटलं. बहुतेक माणसं बुडाली. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. जी प्रेतं वाहून आली ती नवगावला पुरली. पुरुषांची जागा वेगळी, बायकांची वेगळी. हे नेमकं कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी दोन हजार वर्षं मागे जातात, कोणी त्याहून बरंच अलीकडे येतात. पण चौल हे फार जुनं बंदर. तिथे अरबस्तानाकडून, इराणकडून जहाजं येत होती, त्यामुळे दूरदेशीचे लोक इथे येणं काही नवलाचं नव्हतं.

धर्मग्रंथ समुद्रात गेले. भाषाही हळूहळू गेली. राहिलं काय? तर 'शेमा' नावाच्या प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम, आणि शनिवारची सुट्टी. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, बैल जुंपायचा नाही, पैशाला हात लावायचा नाही.

पोटासाठी त्यांनी तेलाचा धंदा धरला. बैलाच्या घाण्यावर तेल गाळायचं आणि गावात विकायचं. शेजारी तेल्यांची दुसरीही घरं होती. ते सोमवारी घाणा बंद ठेवत, महादेवाचा वार म्हणून. त्यांना लोक सोमवार तेली म्हणत. आणि हे शनिवारी बंद ठेवत, म्हणून हे शनवार तेली. झालं नाव! गावाने त्यांना एक वार दिला आणि एक जागा दिली. तुमचा देव कोण, तुमचे पूर्वज कुठले, याचा दाखला कोणी मागितला नाही.

आडनावंही इथलीच झाली. आपल्या कोकणात गावाला 'कर' जोडला की आडनाव तयार होतं. तसेच हे झाले पेणकर, वाक्रूळकर, बोरगावकर, रोहेकर, अष्टमकर, पुगावकर, घोसाळकर, नवगावकर, किहीमकर, चेऊलकर. नावंसुद्धा कोकणी वळणाची झाली. बेंजामिनचा बनाजी झाला, अब्राहामचा आबाजी, सॅम्युएलचा समाजी, आयझॅकचा इसाजी. आणि बायका? बायका नऊवारी लुगडं नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालत, हातात बांगड्या भरत. लग्नात हळद लागे, मेंदी लागे. बाजारात चारचौघींत उभी राहिली तर वेगळी ओळखू येणार नाही.

ओळख पटली ती मासळीवरून

मग त्यांचं वेगळेपण टिकलं कसं? ग्रंथ नाहीत, गुरू नाहीत, देवळासारखी वास्तू नाही. याचं उत्तर त्यांच्याच एका गोष्टीत आहे, आणि मैत्रिणींनो, ती गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे.

डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी विद्वान कोकणात आला. तो कोचीनकडचा होता असं बहुतेकजण मानतात. कोणी त्याचा काळ हजार वर्षांपूर्वीचा सांगतात, कोणी अठराव्या शतकातला. त्याने या तेल्यांबद्दल ऐकलं. शनिवार पाळतात, सुंता करतात, म्हणजे हे आपलेच तर नव्हेत? पण खात्री कशी करायची? पुरुषांना प्रार्थना विचारून भागेना, कारण त्यांना पुरती येत नव्हती.

तेव्हा त्याने बायकांना मासळी दिली आणि रांधायला सांगितलं. टोपलीत सगळ्या तऱ्हेची मासळी एकत्र होती. बायकांनी काय केलं, तर ती निवडली. ज्याला खवलं आणि पर आहेत ते मासे एका बाजूला काढले. ज्याला नाहीत ते दुसऱ्या बाजूला सारले आणि म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. यहुदी धर्मशास्त्रातला नियम नेमका हाच आहे. खवलं आणि पर असलेली मासळी चालते. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, शिंगाळा चालत नाही. रहाबीची खात्री पटली. त्याने तीन माणसांना धर्माचं शिक्षण दिलं. त्यांना काजी म्हणू लागले.

ही दंतकथा असेल, तिच्यात मागाहून भर पडली असेल. पण एका समाजाने स्वतःची ओळख सांगताना बायकांची निवडलेली मासळी पुढे केली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जो धर्म पुरुषांच्या पोथीतून समुद्रात वाहून गेला, तो बायकांच्या विळीवर शिल्लक राहिला. आपण रोज सकाळी मासळी निवडतो तेव्हा त्याला कोणी इतिहास म्हणत नाही. इथे तो इतिहास झाला.

बिरड्याचा सण

त्यांच्या सणांची जुनी नावं ऐका. तुम्हाला वाटेल आपल्याच घरातली आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण.

यातली गंमत बघा. यहुद्यांचं एक प्राचीन मंदिर जेरुसलेमला होतं. ते पाडलं गेलं त्या दुःखाचा एक उपवास असतो. जगभरचे यहुदी त्या दिवशी शोक करतात. आपल्याकडच्या बायकांनी तो उपवास सोडायला काय केलं? तर वालाचं बिरडं! पावसाळ्यात भाजी नसते, वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. म्हणून तो बिरड्याचा सण. जेरुसलेमच्या दुःखाला कोकणच्या वालाचं नाव लागलं.

दारफाळणी म्हणजे दार लावून घेण्याचा दिवस. वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा मोठा उपवास. त्या दिवशी घराची दारं बंद ठेवायची आणि बाहेरच्यांशी संबंध ठेवायचा नाही. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. होळीचा सण आपल्या होळीच्याच दिवसांत येई.

आता स्वयंपाकघरात डोकावू. त्यांच्या नियमाप्रमाणे मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मग मटणाच्या रश्शाला दाटपणा कसा आणायचा? नारळाच्या दुधाने. ते तर कोकणात घरोघरी आहे. नव्या वर्षाचा गव्हाच्या चिकाचा हलवा करायचा तोही नारळाच्या दुधात, म्हणजे मटणाच्या जेवणानंतर खाता येतो. सणाला द्राक्षाचा रस लागतो, पण आपल्याकडे द्राक्ष कुठली? म्हणून काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळून घ्यायच्या आणि त्याचंच सरबत. नियम पाळला आणि जे हाताशी होतं त्यात पाळला. घर चालवणाऱ्या बाईची हुशारी याहून वेगळी काय असते?

आणि त्यांचा खास विधी मलिद्याचा. लग्न ठरलं, बाळ झालं, घर घेतलं, आजारी माणूस बरा झालं, नवस फेडायचा असला, की मलिदा करायचा. भिजवलेल्या पोह्यांत नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा घालायचा आणि ताटात वर फळं मांडायची. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचं. जगातले बाकीचे यहुदी असा मलिदा करत नाहीत. हा आपल्या भाताच्या मुलखात जन्मला. पेण-रोह्याच्या पोह्यांशिवाय तो झाला नसता.

त्यांचं कीर्तनही असे बरं का. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल मंडळी मराठीत कीर्तनं करू लागली. टाळ-मृदंग आपले, ओव्या-अभंगाच्या चाली आपल्या, आणि कथा अब्राहामाची, मोशेची. कीर्तनं रचणाऱ्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे एक. आडनावावरून गाव ओळखलंत ना? कुंडलिकेच्या पलीकडची आपली अष्टमी. १८७४ साली पुण्यात एक पोथी छापली, इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाची. तिच्यात मराठी भाषांतर आहे आणि चित्रंही आहेत. त्या चित्रांत सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत.

सगळं गोड नव्हतं

पण मैत्रिणींनो, गोष्ट सांगताना फक्त गोड सांगायचं नसतं. या समाजाने आपल्याकडून चांगलं घेतलं तसं वाईटही घेतलं. विधवेने पुन्हा लग्न करू नये हा दंडक त्यांच्या शास्त्रात नाही, पण शेजाऱ्यांचं बघून तो त्यांच्यात शिरला. जातीसारखा भेदही आला. त्यांच्यात गोरे आणि काळे असे दोन गट झाले. हे कातडीच्या रंगावरून नव्हे हो. ज्यांची आई समाजाबाहेरची, त्यांना काळे म्हणत. त्यांच्याशी लग्नसंबंध करत नसत आणि प्रार्थनागृहातही त्यांचा मान खालचा. म्हणजे ज्या बायकांनी ओळख टिकवली, त्याच बायकांच्या कुळावरून माणसं वरची आणि खालची ठरली. हे दुखणं पुढे त्यांच्यावरच उलटलं. ते कसं, ते सांगतेच.

घाण्याकडून मुंबईकडे

अठराव्या शतकापासून ही मंडळी मुंबईला जाऊ लागली. पलटणीत शिरली, सुतारकाम, गवंडीकाम करू लागली, पुढे कचेऱ्यांत आणि रेल्वेत लागली. १७९६ साली सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनागृह बांधलं. इथले लोक त्याला मशीदच म्हणत. मशीदबंदर स्थानकाचं नाव याच जुन्या मशिदीवरून पडलं, असं सांगतात.

मुंबईत पैसा मिळाला तसा गावाकडेही आला. अलिबागला १८४८ मध्ये प्रार्थनागृह उभं राहिलं, पनवेलला १८४९ मध्ये, आणि आपल्या पेणला १८६३ मध्ये. पेणच्या प्रार्थनागृहाचं नाव बेथ हा-एलोहिम, म्हणजे देवाचं घर. त्या काळी आपला जिल्हा कुलाबा होता. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या समाजाची माहिती दिलेली आहे. हायेम सॅम्युएल किहीमकर यांनी तर आपल्या समाजाचा मोठा इतिहासच लिहिला. तो १८९७ मध्ये लिहून झाला आणि छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये.

या मंडळींपैकी दोन नावं सांगते. 'बूट पॉलिश' सिनेमातला प्रेमळ जॉन चाचा आठवतो? ते काम करणारे डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. आपल्या चौलचे. दुसऱ्या डॉक्टर जेरुशा झिराड. आडनाव अलिबाग तालुक्यातल्या झिराड गावावरून. शंभर वर्षांपूर्वी लंडनला जाऊन त्यांनी बाळंतपणाच्या शास्त्रातली सर्वांत वरची पदवी घेतली. मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा वाहिली. बाळंतपणात बायका मरू नयेत यासाठी आयुष्य घातलं. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेलाच्या घाण्यापासून इथपर्यंतची मजल या समाजाने मारली, त्याचं एक कारण मुलींना शिकवणं हे होतं.

दुसरं परकं गाव

१९४८ साली इस्रायल देश झाला. १९५० मध्ये तिथे कायदा आला, की जगातला कोणीही यहुदी इथे येऊन नागरिक होऊ शकतो. आपल्याकडच्या घराघरांत बोलणं सुरू झालं. जायचं का? इथे कोणी हाकलत नव्हतं. भारतात यहुद्यांचा छळ कधी झाला नाही, हे ते स्वतःच सांगतात. पण प्रार्थनेत रोज जिचं नाव घ्यायचं ती भूमी बोलावत होती, पोरांच्या नोकरीची काळजी होती, आणि भाऊबंद निघाले होते. एकेक घर बंद होऊ लागलं. १९५१ मध्ये भारतात सव्वीस हजारांच्या आसपास यहुदी होते. आज पाचेक हजार उरले आहेत.

गेलेल्यांना काय मिळालं? बेरशेबा, डिमोना, लोद, अश्दोद अशी गावं. डिमोना तर वाळवंटात १९५५ साली नव्याने वसवलेलं. आपली पेणची बाई, जिने जन्मभर भातखाचरं आणि खाडी पाहिली, तिच्यासमोर नजर पोचेल तिथवर वाळू. भाषा हिब्रू, तीही उजवीकडून डावीकडे लिहायची. खायला पाव. बऱ्याच बायका कापडाच्या गिरण्यांत कामाला लागल्या. घाण्याचा धंदा मागे राहिला आणि पाळीचा भोंगा सुरू झाला.

आणि गावाने जे कधी विचारलं नव्हतं, ते तिथे विचारलं गेलं: तुम्ही खरे यहुदी कशावरून? काही ठिकाणी सावळ्या रंगावरून वागणूक वेगळी मिळाली. १९५१ मध्ये बेरशेबात काहींनी धरणं धरलं, की आम्हाला परत भारतात पाठवा. पुढच्या वर्षी शे-दीडशे माणसं खरंच परत आली. त्यांतली बरीच मागाहून पुन्हा गेलीही.

खरा घाव बसला १९६२ मध्ये. तिथल्या मुख्य धर्मपीठाने हुकूम काढला. बेने इस्राएल मुलामुलीचं दुसऱ्या यहुद्याशी लग्न लावायचं असेल, तर आधी तिच्या किंवा त्याच्या आईचं, आजीचं, पणजीचं कूळ, जितकं मागे जाता येईल तितकं, तपासायचं. आजी यहुदी होती का? तिचा घटस्फोट झाला असेल तर तो नियमाप्रमाणे झाला होता का?

विचार करा मैत्रिणींनो. तुमच्या मुलीचं लग्न ठरलंय, आणि कोणी म्हणतंय, तुझ्या आजीच्या आजीच्या लग्नाचा कागद आण. पेण तालुक्यातल्या कुठल्या आजीकडे कागद असणार? तिच्याकडे होती निवडलेली मासळी, शुक्रवारी रांधून झाकून ठेवलेलं जेवण, शनिवारची थंड चूल. रहाबीला तेवढ्यावर खात्री पटली होती. कागद मागणाऱ्याला पटत नव्हती.

ते लोक गप्प बसले नाहीत. दोन वर्षं झगडले. १९६४ च्या उन्हाळ्यात बायका-मुलांसकट जेरुसलेममध्ये ठाण मांडलं. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत बाकीच्यांसारखेच यहुदी आहेत. महिना संपायच्या आत धर्मपीठालाही हुकमातून त्यांचं नाव काढावं लागलं. आपल्याकडच्या तेल्यांच्या पोरांनी दूर देशात उभं राहून आपल्या आज्यांची अब्रू राखली, असं मी म्हणेन.

आणि त्या मातीत त्यांनी संसार रुजवला. डिमोनाच्या दुकानांत आज पोहे, पापड, मसाले मिळतात. मलिदा होतो. लग्नाआधी मेंदी लागते. १ मेला महाराष्ट्र दिन साजरा होतो. 'मायबोली' नावाचं मराठी मासिक त्यांनी तिथे काढलं. कोकणात असताना ते वेगळे होते यहुदी म्हणून. तिकडे गेल्यावर वेगळे झाले मराठी म्हणून. बाईला माहेरी 'परक्याचं धन' म्हणतात आणि सासरी 'परक्या घरची', तसंच काहीसं.

पाहुणे आले तर काय दाखवाल?

आता त्यांची नातवंडं-पतवंडं पाहुणे म्हणून इकडे येतात. आजोबांचं गाव बघायला येतात. मोडकंतोडकं मराठी बोलतात, नाहीतर आईने शिकवलेला एखादाच शब्द माहीत असतो. असं कोणी तुमच्या दारात आलं तर काय दाखवाल?

पेणचं प्रार्थनागृह दाखवा. तिथे महत्त्व पश्चिमेला आहे, कारण त्यांचं जेरुसलेम इथून पश्चिमेला. पेणमध्येच गणपतीच्या कारखान्यांतून फिरवा. पोह्याचे पापड, मिरगुंडं बांधून द्या. रोह्याला आलात तर कुंडलिकेवरून पलीकडे अष्टमीत घेऊन जा. तिथेही त्यांचं जुनं प्रार्थनागृह आहे. कुंडलिका तशीच पुढे खाडी होऊन रेवदंडा-चौलला समुद्राला मिळते. म्हणजे गोष्ट जिथे सुरू झाली त्याच बाजूला.

अलिबागला इस्राएल आळी आहे. नवगावला बुडालेल्यांची जागा आणि स्मारक आहे. आणि सागाव-खंडाळ्याच्या बाजूला एक मोठा खडक आहे. त्यावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे, असं ते मानतात. प्रेषित तिथूनच आकाशात गेला म्हणतात. लोक त्याला टापा म्हणतात. तिथे मलिद्याचा नवस करतात आणि आसपासची इतर मंडळीही हात जोडतात. इतकं सगळं तासा-दोन तासांच्या अंतरात आहे, आणि आपल्यातल्या कितीजणींनी ते पाहिलंय?

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. ते चांगलंच झालं. पण सरकारी कागदावर नाव चढणं वेगळं आणि गावाच्या आठवणीत नाव राहणं वेगळं. आठवण ठेवणं हे आपलं काम.

म्हणून एक काम सांगते. पुढच्या बैठकीत बचतीचे हिशेब झाले की अर्धा तास काढा. गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीला मध्ये बसवा आणि विचारा: आपल्या गावात शनवार तेली राहत होते का? त्यांचा घाणा कुठे होता? कबरस्तान कुठे आहे? ते जाताना घर कोणाला देऊन गेले? त्यांच्या बायका सणाला काय वाटायच्या? आजी सांगेल ते एकीने वहीत लिहून घ्या. आजी चुकली तरी लिहा, दुसरी आजी दुरुस्त करील.

आणि अजून एक. आज आपल्या गावांत पुन्हा परकी माणसं येतायत. धाटावच्या कारखान्यांत काम करायला, वीटभट्टीवर, घरांच्या बांधकामावर लांबून कुटुंबं येतात. त्यांच्या बायका नळावर आपल्या शेजारी उभ्या असतात. नाव माहीत नाही, भाषा कळत नाही, त्यांच्या चुलीवर काय शिजतं ते कळत नाही. आपल्या पणज्यांनी शनवार तेलिणीला कुळाचा दाखला विचारला नव्हता. तेल घेतलं, वार लक्षात ठेवला आणि सणाचं ताट घेतलं. नळावरच्या त्या बाईला आपण आधी काय विचारतो, ते उद्या सकाळी पाणी भरताना बघा.

येते मैत्रिणींनो. बिरड्याचे वाल भिजत घातले असतील तर आज ते सोलताना ही गोष्ट लेकीसुनांना सांगा.